आ च्या खणातली अब्दागिरी

आमच्या घरात नुसतं सांगून भागत नाही, साक्ष द्यावी लागते. बाहेर ऊन फार आहे म्हटलं तरी बाबा विचारणार, "कोण म्हणालं?" अहो, मी म्हणतेय, आत्ता बाहेरून येतेय, घामाने निथळतेय, आणखी कोणाला उभं करू साक्षीला? पण नाही. कोण म्हणालं, कधी म्हणालं, प्रत्यक्ष की ऐकीव, हे तीन प्रश्न झाल्याशिवाय एक्याण्णव वर्षांच्या या माणसाच्या गळी काही उतरत नाही. दूधवाल्याने तर धसकाच घेतलाय. तो येणार नसला की दोन दिवस आधी तारीख-वार घालून सांगतो.

दोष त्यांचा नाही, कामाचा आहे. बाबांनी उभी हयात शब्दकोश केला. ठरवला होता बारा खंडांचा, झाला एकच. अ चा. नऊशे पानं नुसत्या अ ची! तो छापून होताच संस्थेने गाशा गुंडाळला, बाबांचे डोळे गेले, आणि आ पासूनचं सगळं होतं तसं अठ्ठेचाळीस खणांच्या लाकडी कपाटात पडून राहिलं. ते धूड आमच्या पुढच्या खोलीत आहे. येणाऱ्याला आडवं होऊन आत शिरावं लागतं. बाबांची खुर्ची कपाटाला खेटून, आणि त्यांचा एक हात दिवसभर खणांच्या मुठींवर.

खणांत पट्ट्या आहेत. पोस्टकार्डाएवढ्या, जाड कागदाच्या. वर शब्द, खाली अर्थ, त्याखाली शब्दाचं मूळ, आणि तळाशी साक्ष, म्हणजे कोणाच्या तोंडून ऐकला ते. ठिकठिकाणची माणसं या पट्ट्या टपालाने पाठवायची. पट्टीवर पाठवणाऱ्याचं नाव घालायचं नाही, मागे फक्त त्याचा क्रमांक. "माणूस दिसला की शब्द नीट दिसत नाही," हे बाबांचं वाक्य. पट्टी पसंत पडली तर बाबा तिच्यावर लाल पेन्सिलीने खूण करायचे, नक्कल खणात ठेवायचे आणि मूळ पट्टी पाठवणाऱ्याला परत धाडायचे. लोक त्या लाल खुणेच्या पट्ट्या चौकटीत घालून भिंतीवर लावत. नापसंत पट्टी परत जात नसे. ना पत्र, ना कारण. पट्टी परत आली नाही की माणसाने समजून घ्यायचं.

आलेल्या पट्ट्या खणात लावायचं काम माझं. ज्या अक्षराचं काम चालू असेल त्याचेच खण बाबा तपासायला घ्यायचे. तेव्हा मी वीस वर्षांची होते आणि स्वतःला फार हुशार समजत होते. एकदा मला वाटलं, हा शब्द इथे नको, त्याच्या भावंडांजवळ असावा, म्हणून एक पट्टी दुसऱ्याच खणात ठेवली. आठ दिवस सापडली नाही. बाबांनी सगळ्या कार्यालयासमोर मला उभं केलं. "डोकं चालवायला मी आहे. तू अक्षर बघायचं. वर अ असेल तर अ मध्ये, आ असेल तर आ मध्ये. कळलं?" मी न्हाणीघरात जाऊन रडले. तेव्हापासून डोकं घरी ठेवून कामावर जायला लागले. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात ना, मला जरा जास्तच लागला.

आता दादाचं सांगते. माझा थोरला भाऊ. बाबांच्या हाताखाली तयार झालेला, बाबांच्या तोंडावर बाबांना चूक म्हणू शकणारा एकुलता एक माणूस.

अ चं काम शेवटाला आलं होतं आणि एका शब्दापाशी गाडी अडली होती. अब्दागिरी. राजाच्या नाहीतर देवाच्या मिरवणुकीत लांब दांड्यावर उभी धरतात ती, मोठ्या पानाच्या आकाराची, ऊन अडवायची. अर्थाबद्दल वाद नव्हता, मूळ सापडत नव्हतं. बाबा म्हणत, संस्कृतात अब्द म्हणजे ढग. ढगासारखी सावली धरते ती अब्दागिरी. दादाला ते पटेना. जेवता जेवता म्हणाला, "आणि गिरी? ढगावर डोंगर ठेवलाय का बाबा?" मला हसू फुटलं. आम्हां दोघांनाही ताटावरून उठवण्यात आलं.

शेवटी बाबांनीच त्याला पाठवलं. गावाच्या टोकाला मोठ्या छत्र्यांचा एक कारखाना होता. बागेत, पटांगणात, पाण्याच्या काठी उभ्या करतात त्या माणूसभर छत्र्या. मालक म्हातारा कारागीर, त्याच्या आज्यापासून नाटकवाल्यांच्या अब्दागिऱ्या शिवत आलेला. "जा, त्या लोकांच्या तोंडून काय निघतं ते टिपून आण," बाबा म्हणाले. आठ दिवसांसाठी गेलेला दादा दोन महिने तिकडेच. कारखान्याला क्रमांक मिळाला एकशे चौदा. एकशे चौदाच्या पट्ट्या टपालाने ढिगाने यायच्या. काड्यांचे शब्द, टाक्यांचे शब्द, कापडाचे शब्द. आणि दोन महिन्यांनी दादा स्वतः आला तो कारागिराच्या मुलीशी लग्न करून.

"मी शब्द आणायला पाठवलं होतं," बाबा म्हणाले, "बायको नाही."

तेवढ्यावर निभावलं असतं. बाबा रागीट आहेत, दुष्ट नाहीत. पण दादाने पुढे सांगितलं, की तो आता तिकडेच काम करणार. नुसते शब्द टिपून त्याचं मन भरत नाही, ती वस्तू हाताने करावीशी वाटते. हे मात्र बाबांच्या वर्मी लागलं. ज्याच्यावर बारा खंडांची भिस्त, तो पहिल्याच खंडाला हात वर करून छत्र्या शिवायला निघालेला. बाबा उठून उभे राहिले. "मग इथे यायचं कारण नाही. यायचंच असेल तर आधी काम पाठव. माझी लाल खूण पडेल असं काही पाठवलंस तर ये, नाहीतर तोंड दाखवू नकोस."

"पाठवतो," दादा म्हणाला आणि गेला.

त्यानंतर वर्षभर टपाल आलं की बाबा खुर्चीतून अर्धे उठायचे. "काही आहे का?" असं विचारायचे, कोणाचं ते नाही विचारायचे. काही नव्हतं. अ चा खंड छापून झाला. अब्दागिरीपुढे छापलं गेलं, अब्द म्हणजे ढग. आणि पुढची एकतीस वर्षं बाबांच्या तोंडी एकच. "एक पट्टी पाठवली नाही पठ्ठ्याने. एक पट्टी जड झाली."

मीही तेच म्हणायचे. बाबांबरोबर राहायचं तर दुसरी बाजू परवडत नाही. एकदा रस्त्यापलीकडे दादा दिसला होता, खांद्यावर कापडाचा गठ्ठा. त्याने हात वर केला. मी पर्समध्ये किल्ल्या शोधायला लागले. किल्ल्या हातातच होत्या. वर मान केली तोवर तो गेला होता. ही गोष्ट मी कोणाला सांगितलेली नाही, आज पहिल्यांदाच सांगतेय.

गुरुवारी दुपारी फोन वाजला. बाबा शेजारीच बसलेले. पलीकडे एक बाई होती. "ताई, मी छत्रीच्या कारखान्यातून बोलतेय. तुमचा नंबर यांच्या वहीत शेवटच्या पानावर मिळाला. हे गेले हो. सोमवारी. शाळेच्या पटांगणात मोठी छत्री उभी करत होते, दमलो म्हणाले, खाली बसले, ते उठलेच नाहीत. सगळं मंगळवारी उरकलं."

"बरं," एवढंच म्हणाले आणि फोन ठेवला.

"कोण होतं?" बाबा.

"चुकीचा नंबर."

"चुकीच्या नंबराशी इतका वेळ?"

"बाई ऐकत नव्हती," मी म्हटलं आणि आत जाऊन नळ सोडून रडले. पन्नाशी उलटली तरी माझी रडायची जागा तीच.

सांगणार कसं? डॉक्टरांनी बजावलं होतं, यांना धक्का सोसायचा नाही. आणि खरं सांगू? डॉक्टर निमित्त. मला धीरच नव्हता.

दोन दिवसांनी औषधं आणते म्हणून निघाले आणि कारखान्यात गेले. लांबट खोली, पत्र्याचं छप्पर, भिंतीशी बांबूच्या काड्यांच्या मोळ्या. मध्ये एक अर्धी झालेली छत्री उलटी टेकवलेली, आठातले पाच तुकडे चढवलेले, तीन काड्या उघड्या. दादाची म्हणून वेगळी सांगायला नको होती. मशिनवर बसलेली बाई उठली. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी असेल. बोटांना सुईचे घट्टे पडलेले. एकतीस वर्षांत मी माझ्या वहिनीला पहिल्यांदा पाहत होते, तेही अशी.

तिने पाणी दिलं. मी बोलले तेही वेडंवाकडंच. "एक पट्टी पाठवली असती वहिनी त्याने, तर सगळं निवळलं असतं. बाबा वर्षभर वाट बघत होते."

ती माझ्याकडे बघतच राहिली. "पाठवली होती की."

"काय?"

"अब्दागिरीची. तेव्हा मशिनची सुई यांच्या अंगठ्यातून आरपार गेली होती, म्हणून यांनी सांगितली आणि मी लिहिली. टपालात मीच टाकली. मग खूण येईल म्हणून वाट बघितली. रोज. टपालवाल्याने आमची गल्ली टाळायला सुरुवात केली हो. मग तो खंड आला. हे वाचनालयात जाऊन बघून आले. ढगच छापला होता. घरी येऊन म्हणाले, बाबांनी बघितलं आणि टाकून दिलं. बस. पुन्हा कधी विषय नाही. मी काढला तर उठून जायचे."

"कारखान्याचा क्रमांक घातला होता?"

"मग काय! एकशे चौदा."

रिक्षात बसल्यावर मी हिशेब मांडायला लागले. पट्टी टपालात पडली, म्हणजे कार्यालयात आली. कार्यालयात आली, म्हणजे माझ्या हातात आली. माझ्या हातून कुठे गेली?

बाबा दुपारचे आडवे झाले तेव्हा मी अ चे चारही खण पालथे घातले. नाही. मग उभी राहिले आणि आयुष्यात दुसऱ्यांदा डोकं चालवलं. तो म्हातारा कारागीर त्या वस्तूला काय म्हणत असेल? आणि पट्टी त्याच्या मुलीच्या हातची होती. मी आ चा खण ओढला. जाम झाला होता, एकतीस वर्षांत कोणी उघडलाच नव्हता. आफत आणि आब यांच्या मधोमध ती उभी होती, आपल्या जागेवर, शिस्तीत.

आफताबगीर. अब्दागिरीचं मूळ रूप. फारसी. आफताब म्हणजे सूर्य, गीर म्हणजे धरणारा. सूर्याला धरून ठेवणारी, दुसऱ्याच्या डोक्यावरचं ऊन आपल्या अंगावर घेणारी. साक्ष: छत्र्यांचे कारागीर, वय अडुसष्ट, प्रत्यक्ष. मागे एकशे चौदा. आणि वरच्या कोपऱ्यात आवक क्रमांक, निळ्या शाईत, गोल गोल, नीटनेटका. माझ्या हातचा.

मी अक्षर बघितलं होतं. आ होता, आ मध्ये ठेवली होती. हात ओळखीचा नव्हता, क्रमांक रोजचाच होता, मी वाचलीसुद्धा नव्हती. दोन माणसं गावाच्या दोन टोकांना एकमेकांच्या टपालाची वाट बघत म्हातारी झाली आणि पट्टी इतका वेळ बाबांच्या हाताखालच्या खणात होती. मी तिथेच फरशीवर बसले. काय केलं मी हे, काय केलं, एवढंच तोंडातून येत राहिलं.

मग मी ठरवलं, एका बैठकीत दोन्ही सांगायचं. आधी पट्टी, मग दादा. निदान त्यांना कळू दे की मुलाने हात पुढे केला होता. चहा झाल्यावर समोर बसले. "बाबा, दादाने पट्टी पाठवली होती."

"कोण म्हणालं?"

"माझ्या हातात आहे."

मी वाचली. शब्द, अर्थ, मूळ, साक्ष, मागचा क्रमांक. वाचताना त्यांचे ओठ माझ्याबरोबर हलत होते. "पुन्हा," म्हणाले. पुन्हा वाचली. "आफताब," ते स्वतःशी म्हणाले. "सूर्य. अरे, सूर्य! आणि मी ढग धरून बसलो." मग विचारलं, "कोणत्या खणात होती?"

इथे खोटं बोलता आलं असतं. कपाटामागे पडली होती, टपालात गहाळ झाली होती. "आ च्या," मी म्हटलं. "मी ठेवली बाबा. माझा आवक क्रमांक आहे वर. वरचं अक्षर बघितलं आणि ठेवली."

मला वाटलं आता वीज पडणार. "नियमाने ठेवलीस," ते म्हणाले. "नियम माझा होता." आणि हात पुढे केला. "लाल पेन्सिल आण."

पेन्सिल आणायला पाच मिनिटं लागली, टोक करायला आणखी दोन. मी त्यांच्या मांडीवर पाट ठेवला, पाटावर पट्टी, आणि बोट नेमकं जागेवर टेकवलं. बाबांनी खूण करायला घेतली. पूर्वी ती खूण कशी होती, झोकदार, शेपूट वर गेलेलं! आता हात थरथरला, रेघ शब्दाला कापत तिरकी गेली आणि कागदाच्या कडेवरून खाली पाटावर उतरली.

"घसरली," बाबा म्हणाले. "पाटावर गेली. मला लागलं हाताला."

"चालेल बाबा."

"चालेल काय? पण असू दे. पाठव त्याला. टपालाने नको, तू स्वतः जा. ये म्हणावं. आता लगेच ये म्हणावं." आणि हसले. किती वर्षांनी, देव जाणे. "त्या गिरीवरून मला काय बोलला होता आठवतं? ढगावर डोंगर! तुम्ही दोघं फिदीफिदी हसलात. ताटावरून उठवलं मी. उपाशी झोपलात?"

"आईने दिलं होतं नंतर," मी म्हटलं.

पुढचं वाक्य माझ्या जिभेवर होतं. ते जिभेवरच राहिलं. त्यांचा तो चेहरा बघून कोणाच्याने बोलवलं असतं? कोणी बोलला असता तर सांगा मला.

दुसऱ्या दिवशी मी पट्टी वहिनीला नेऊन दिली. तिने पुसून पुसून हात कोरडे केले, मग घेतली. लाल रेघ बघितली, वरचा शब्द बघितला आणि मटकन मशिनच्या स्टुलावर बसली. "हे म्हणाले होते, वर अब्दागिरी लिही, कोशात तेच लागतं. मी म्हटलं, माझे बाबा म्हणतात तोच शब्द वर राहील. नवी नवरी होते, हट्टाला पेटले. हे हसले, म्हणाले, लिही बाई, बाबांना कळेल." तिने माझ्याकडे पाहिलं. "वर अब्दागिरी असतं, तर?"

"वहिनी, मी ठेवली चुकीची. तुम्ही नका मनाला लावून घेऊ," म्हटलं. तिने ऐकलं असेल असं वाटत नाही.

मग सुरू झालं वाट बघणं. पुढच्या दारात कोणी आलं की बाबा अर्धे उठायचे, अगदी तेव्हासारखे. "काय म्हणाला?" "कामात आहे बाबा, मोठं काम आलंय." "कोण म्हणालं?" "वहिनी म्हणाल्या." "प्रत्यक्ष?" "प्रत्यक्ष." ते मान डोलवायचे. मागच्या खोलीतली पलंगावरची पुस्तकं हलवायला लावली. दादाचा जुना टेबलदिवा दुरुस्त करून आणवला, आणि लागतो का ते मला तीनदा विचारलं. रोज सकाळी मी ठरवायचे, आज सांगते. रोज दुपारी ठरवायचे, उद्या. तीन आठवडे गेले. बाबांचं जेवण कमी व्हायला लागलं. "रागावला असेल," एकदा म्हणाले. "मी त्याच्या जागी असतो तर मीही आलो नसतो." त्या संध्याकाळी मी कारखान्यात फोन केला. "वहिनी, मला सांगवत नाही. मी मरेन, पण मला सांगवत नाही."

"मी येते," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी आली. दारात चपला काढल्या. बाबांनी मान वळवली.

"कोण? पाऊल ओळखीचं नाही."

"मी तुमची सून."

बाबांचा हात मुठीवरून सुटला. "तो?"

मी पुढे झाले, तर वहिनीने माझं मनगट धरलं. घट्ट. त्या घट्ट्यांसकट. ती त्यांच्यासमोर खाली बसली. "ते नाहीत आले बाबा. येणार नाहीत. ते गेले."

बाबांनी विचारलं, "कधी?"

"सोमवारी आठ दिवस होतील," वहिनी म्हणाली. खरं तर सोमवारी पाच आठवडे होणार होते.

"आठ दिवस," बाबा म्हणाले. मग फार हळू, "म्हणजे पट्टी..."

"मिळाली होती. वन्संनी आणून दिली त्याच दिवशी. त्यांच्या हातात दिली मी."

"त्याने पाहिली? स्वतः?"

"स्वतः. दोन्ही हातांत धरून. दुसऱ्या दिवशीच निघणार होते, तर ताप भरला."

"साक्ष?" बाबांच्या तोंडून गेलं. सवयीने गेलं.

"मी," वहिनी म्हणाली. "प्रत्यक्ष."

"काय म्हणाला?"

तिने क्षणभर विचार केला. त्या बाईने आयुष्यात किती खोटं बोललं असेल मला माहीत नाही, पण सवय नव्हती हे दिसत होतं. "म्हणाले, बघ, बाबांची खूण अजून तश्शीच आहे. सरळ, झोकदार. हात जरासुद्धा हलत नाही त्यांचा."

बाबांचा चेहरा जागच्या जागी थांबला. उजव्या हाताची बोटं मांडीवर हलली, पेन्सिल धरल्यासारखी, तिरकी, कडेवरून खाली. मी बघत होते. एक साक्ष खोटी निघाली म्हणून या माणसाने नामांकित विद्वानांच्या पट्ट्या केराच्या टोपलीत टाकल्या होत्या. मी डोळे मिटले. आता विचारणार. कोणती खूण? कधीची? कोण म्हणालं?

त्यांनी विचारलं नाही.

"उन्हातून आलीस," वहिनीला म्हणाले. "खाली नको बसू, फरशी तापलीय. वर बस." आणि मग मला, "एक कोरी पट्टी घे. नोंद कर."

मी पट्टी घेतली. छापखान्यात मुद्रितं तपासण्यात माझी पंचवीस वर्षं गेलीत, चुकीचा स्वल्पविराम हातून सुटलेला नाही. बाबा सांगत गेले, मी लिहीत गेले. अब्दागिरी. फारसी, आफताबगीर. सूर्याला धरणारी. पहिल्या खंडात छापलेलं मूळ चूक. दुरुस्ती करणाऱ्याला पट्टी लाल खुणेसह पोहोचली, त्याने स्वतः पाहिली. साक्ष: सून, प्रत्यक्ष.

"लिहिलंस?"

"लिहिलं बाबा."

"वाच."

मी वाचलं. बाबा कान देऊन सगळं ऐकत होते. पोहोचली, पाहिली, या शब्दांशी त्यांचे ओठ हलले. वहिनीने पदर तोंडात धरला होता.

"बरोबर आहे," बाबा म्हणाले. मग त्यांनी चाचपडत आ च्या खणाची मूठ शोधली, ती दोन्ही हातांनी धरली आणि तिच्यावर कपाळ टेकून मोठ्याने रडले.